आईचा फोटो, दारातला उजेड आणि दिवाळीचा आकाशकंदील

(पॉडकास्टच्या या भागाची लिखित प्रत. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

इअरफोन लावलेत का? लावले नसतील तरी चालतंय, आज काही वाजवून दाखवायचं नाहीये. आज बघायचंय. म्हणजे ऐकता ऐकता जमलं तर घरातल्या कुणाला तरी दारात बसवा आणि मी सांगतो ते करून बघा.

विषय आहे घरच्या घरी स्टुडिओसारखा पोर्ट्रेट फोटो. पण सुरुवात मी भिंतीवरच्या एका फ्रेमपासून करतो.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा दहाव्याच्या आधी फोटो पाहिजे होता. हार घालायला. आम्ही सगळं घर उलटंपालटं केलं. पेटी, पिशव्या, बँकेचं पासबुक, सगळं. फोटो मिळाले दोन. एक आधार कार्डावरचा, त्यात ते चोरासारखे दिसतात. (आधारवर आपण सगळेच तसे दिसतो, ते सोडा.) दुसरा चुलतभावाच्या लग्नातला, पंधरा-वीस जणांचा घोळका, त्यात दादा मागच्या रांगेत. तालुक्याच्या एका स्टुडिओवाल्यानं त्यातून दादांचं डोकं कापून काढलं, मागं निळं आभाळ टाकलं, आणि अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी कोट घातला. आमच्या दादांनी जन्मात कोट घातला नव्हता. वर रंग असा उजळवला की आई बघून म्हणाली, "हे कोण हायेत?"

आजही ती फ्रेम भिंतीवर आहे. डाव्या खांद्यावर नीट बघितलं तर दुसऱ्या कुणाचीतरी दोन बोटं दिसतात. कापायची राहून गेली.

आता आमच्याकडचं तुम्हाला माहीतच आहे. बीड जिल्हा म्हटलं की ऊसतोड. दसरा झाला की टोळ्या निघतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. आई-दादांची अशी किती वर्षं गेली ते त्यांनीही मोजलं नाही. अशा माणसांचे फोटो कधी निघतात? फॉर्मला लागला तर पासपोर्ट साइझ, आणि दुसऱ्याच्या लग्नात मागच्या रांगेत. बास. म्हणून मी ठरवलं की आईचा एक तरी फोटो नीट काढायचा. ती आहे तशी. तिच्याच लुगड्यात.

आणि मग चार महिने मला तो जमला नाही.

पहिली चूक सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी ती केली असेल. मी ऑनलाइन रिंग लाइट मागवला. रील बनवणाऱ्या सगळ्यांकडं असतो तो. आईला खाटेवर बसवलं, रिंग लाइट तिच्या तोंडासमोर लावला, मोबाइल मधल्या भोकात अडकवला आणि खटाखट वीस फोटो काढले. काय आलं? कपाळ चमकतंय, नाक चपटं, डोळ्यांत पांढऱ्या बांगड्या. चेहऱ्याला खोलीच नाही, पापडासारखा सपाट. रिंग लाइटचा दोष नाही. समोरून, कॅमेऱ्याच्याच रेषेतून उजेड आला की सावली सगळी पाठीमागं जाते. आणि सावली नसली की नाक किती उंच, गाल किती आत, हे डोळ्याला कळत नाही. मेकअपच्या व्हिडिओला तेच पाहिजे असतं. मला ते नको होतं.

आई म्हणाली, "कामून एवढा वेळ लावायलास? दळण राह्यलंय."

मग एक दिवस काय झालं, ऐका. आमचं घर पत्र्याचं, दोन खोल्या, खिडकी एकच आणि तीही स्वयंपाकघरात, हातभर. दार मात्र मोठं, पूर्वेला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी बाहेरून आलो तर आई दाराच्या आत दोन-अडीच फुटांवर बसून तांदूळ निवडत होती. तोंड थोडं बाहेर वळलेलं. आतली खोली काळोखी. आणि तिच्या चेहऱ्यावर एका बाजूनं असा मऊ उजेड आला होता की मी चप्पल काढायची विसरलो. मोबाइल काढला, एक फोटो घेतला. वीस रिंग लाइटवाल्या फोटोंपेक्षा तो एक भारी होता.

का? हे समजलं की अर्धी फोटोग्राफी समजली. म्हणून इथं जरा थांबू.

उजेड कडक की मऊ, हे त्याच्या जोरावर ठरत नाही, आकारावर ठरतं. उजेड देणारी वस्तू माणसाच्या मानानं किती मोठी दिसते, एवढंच. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब आहे की आपल्याला तो रुपयाएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली सुरीनं कापल्यासारखी. त्याच सूर्यापुढं ढग आला की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. आता दार बघा. सहा फूट उंच, तीन फूट रुंद. पूर्वेच्या दारावर संध्याकाळी ऊन नसतं, फक्त आभाळाचा उजेड येतो. म्हणजे दाराच्या आकाराचा एक मोठा दिवा आपल्याला फुकटात मिळाला. शहरातला फोटोग्राफर सॉफ्टबॉक्स नावाची जी पांढऱ्या कापडाची पेटी लावतो, ती बहुतेक वेळा आपल्या दारापेक्षा लहानच असते.

दार पश्चिमेला असेल तर सकाळी. उत्तरेला असेल तर जवळजवळ दिवसभर, मात्र मे ते जुलै आपल्याकडं सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येऊ शकतं, तेवढं बघायचं. दक्षिणेचं दार असेल तर पांढरं धोतर नाहीतर मांजरपाट दारात पडद्यासारखं टांगा. ऊन त्या कापडावर पडेल आणि कापडच दिवा होईल.

आणि ही काही मी लावलेली अक्कल नाही. जगातले जुने स्टुडिओ असेच चालायचे. वीज नव्हती तेव्हा स्टुडिओला काचेचं छप्पर नाहीतर मोठी काचेची खिडकी असायची, आणि पडदे ओढून उजेड कमी-जास्त करायचे. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या हैदराबादेत निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ नावाचे नामी फोटोग्राफर होते. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ काढला, तिथं फोटो काढणारीही बाईच. म्हणजे राजघराण्यातल्या बायकांचे चेहरे तेव्हा नीट उजेडात बसून टिपले गेले. त्याच राज्यातल्या आमच्या पणजीचा एकही फोटो नाही. तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या आजीचाही नाही.

आजी तर फोटोला भ्यायचीच. फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणायची. हसू नका. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतात ना, सिनेमा काढायच्या कितीतरी आधी त्यांनी बडोद्याला फोटो स्टुडिओ टाकला होता, तर लोक याच भीतीनं यायचे नाहीत म्हणे. आजी एकटी नव्हती.

बरं, परत दाराकडं.

आई दारात बसली, एका बाजूनं उजेड आला. दुसरी बाजू एकदम काळी पडली तर काय करायचं? दोन रस्ते आहेत. सावली उजळायची असेल तर त्या बाजूला पांढरं काहीतरी धरायचं. टीव्ही नाहीतर फ्रिजच्या खोक्यातून आलेला थर्माकोल सगळ्यात भारी. नसेल तर पांढरी चादर, ड्रॉइंगचा मोठा कागद. चपात्या गुंडाळायची चांदी पुठ्ठ्यावर चिकटवली तरी चालते, पण ती उजेड टोचरा देते, जरा लांब धरा. पुठ्ठा एक फूट जवळ आणला की सावली उजळते, तीन फूट मागं नेला की गडद होते. हातात पुठ्ठा धरून पुढं-मागं करत चेहऱ्याकडं बघत राहा. पंधरा मिनिटं हाच खेळ. फोटो काढूच नका. मला विचाराल तर पोर्ट्रेट शिकायचं म्हणजे हे बघायला शिकायचं, कॅमेरा नंतर येतो.

आणि सावली अजून गडद पाहिजे असेल तर? आमच्याकडं घोंगडं आहे, काळं, मेंढीच्या लोकरीचं. ते मी आईच्या सावलीच्या बाजूला खाटेवर उभं टांगलं. घोंगडं उजेड गिळतं. आमच्या भिंती हिरव्या-निळ्या आहेत, गावात बहुतेकांच्या असतात, आणि त्या भिंतीवरून आपटलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट छटा टाकतो. फोटोत आई आजारी का दिसते ते मला लई दिवस कळत नव्हतं. भिंत झाकली आणि आजार गेला! पाठीमागंही दुसरं घोंगडं टांगलं. मंडळी, बाजारात काळा बॅकड्रॉप विकत मिळतो, पण घोंगड्याइतका खोल काळा रंग मी त्यात बघितला नाही.

अंगणातली जमीनही मोजा. शेणानं सारवलेली असेल तर खालून तपकिरी उजेड येतो, तो उबदार असतो, मला आवडतो. पण आईच्या डोक्यावर पदर असायचा. पदर पुढं आला की कपाळावर आणि डोळ्यांवर सावली पडते. "पदर मागं घे" म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नव्हतं. ती आयुष्यभर तसाच पदर घेत आली आहे. मग मी खाली, तिच्या मांडीच्या पुढं, पांढरं धोतर अंथरलं. दारातला उजेड त्यावर पडून खालून वर आला, पदराच्या आत गेला, आणि डोळे उघडले. डोळ्यांत एक छोटा पांढरा ठिपका दिसायला लागला. तो ठिपका फार महत्त्वाचा बरं का. तो नसला की जिवंत माणसाचे डोळेही विझलेले दिसतात. फोटो काढण्याआधी दर वेळी तो शोधायचा.

आता रात्रीचं. कारण दिवसा आपल्या माणसांना वेळ कुठं असतो? आणि लाइट? आमच्या जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं. वीज तयार होणाऱ्या जिल्ह्यात आपण शेताला पाणी द्यायला रात्री उठतो. असो. तर लाइट आहे असं धरून चालू.

नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब घ्या. उघडा बल्ब म्हणजे लहान दिवा, म्हणजे कडक सावली. त्याला मोठं करायचं. कसं? मी दिवाळीचा पांढरा कागदी आकाशकंदील काढला. झिरमिळ्या कापल्या, आत एलईडी लावला, आणि तो बांबूला बांधून आईच्या डोक्यापासून वर हातभर, एका बाजूला टांगला. झाला स्टुडिओ लाइट! सिनेमावालेसुद्धा कागदी कंदील वापरतात, थट्टा नाही. फक्त आत जुना पिवळा तारेचा बल्ब किंवा लग्नातला हॅलोजन अजिबात घालू नका, कागद पेटेल. हॅलोजनवर बटर पेपर चिकटवणारेही मी बघितलेत. नका करू.

कंदील कुठं टांगायचा? माणसाच्या नाकासमोर घड्याळाचे बारा समजा, तर साडेदहा नाहीतर दीड वाजता, आणि डोळ्यांच्या वर. हळूहळू बाजूला न्या आणि नाकाची सावली बघा. एका जागी ती सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. याला रेम्ब्राँ लायटिंग म्हणतात. रेम्ब्राँ हा सतराव्या शतकातला डच चित्रकार, त्याच्या चित्रांत असा उजेड दिसतो म्हणून. म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्याला हा उजेड शोभतो. सुरकुत्या लपवायच्या असतील तर कंदील समोर आणि जवळ आणा. मला लपवायच्या नव्हत्या.

अंतराचं एक गणित आहे, शाळेत आपण ते पाठ करून सोडून दिलं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. चौपट केलं तर सोळावा हिस्सा. याचा उपयोग बघा. कंदील चेहऱ्यापासून दोन फुटांवर, आणि मागची भिंत चेहऱ्याच्या मागं सहा फूट. म्हणजे भिंत कंदिलापासून आठ फूट. चौपट. चेहऱ्यावर जितका उजेड त्याचा सोळावा हिस्सा भिंतीवर. पांढरी भिंतसुद्धा करडी, जवळजवळ काळी दिसेल. तुमच्याकडं घोंगडं नसलं तरी चालेल, फक्त माणसाला भिंतीपासून लांब काढा. भिंतीला टेकवून फोटो काढायची आपली जी सवय आहे ना, ती आधी मोडायची.

दोन भानगडी राहिल्या. एक, खोलीत पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब दोन्ही चालू ठेवू नका. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा येतो आणि कुठल्याच ॲपमध्ये तो धड होत नाही. एकच दिवा ठेवा, बाकीचे बंद. दुसरी, स्वस्तातला एलईडी लुकलुकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला दिसत नाही, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवा, पट्टे जातात. शटर एवढं हळू असलं की मोबाइल हलता कामा नये. ट्रायपॉड नसेल तर ज्वारीच्या पोत्यावर टेकवा. मी तेच केलं.

मोबाइलचं थोडं सांगतो, पटपट. जवळ जाऊन साध्या लेन्सनं काढू नका, नाक मोठं आणि कान गायब होतात. पाच-सहा फूट मागं सरका आणि दोन एक्स झूम लावा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. डोक्यावर पांढरी टोपी असलेल्या आजोबांचा फोटो काढताना हे हमखास लागतं. मोबाइल सावळा चेहरा उजळवायला जातो आणि टोपी पांढरी फट्ट होऊन जाते. टोपीची शिवण दिसेल एवढा उजेड कमी करा, चेहरा नंतर स्नॅपसीडमध्ये थोडा वर घेता येतो. जळालेली टोपी मात्र परत येत नाही. पोर्ट्रेट मोड मी बंदच ठेवतो. तो पदराची कड आणि कानातली कापून धूसर करतो, आणि पाठीमागं घोंगडं असल्यावर धूसर करायचंय काय?

आता ज्याच्यासाठी मी हा भाग करायला घेतला ते सांगतो.

आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. हिरवं, आता फिकं पडलेलं. हनुवटीवर तीन ठिपके. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं. रिंग लाइटवाले पहिले वीस फोटो मी परत काढून बघितले, तर गोंदण नाहीच! आधी वाटलं उजेडानं गेलं. मग सेटिंग बघितलं. ब्युटी मोड आपोआप चालू होता. त्यानं आईचे सगळे "डाग" साफ केले होते. गोंदण गेलं, गालावरचा तीळ गेला, डोळ्यांखालची तीस हंगामांची काळी वर्तुळं गेली. शिवाय दोन छटा गोरी केली होती.

दादांच्या फ्रेममध्ये जे त्या स्टुडिओत झालं, तेच माझ्या खिशातला मोबाइल मला न विचारता करत होता.

मी आईला दोन्ही फोटो दाखवले. ब्युटीवाला आणि दारातला. मला वाटलं होतं की ती दारातला निवडेल, गोष्टीत असंच होतं ना. तिनं ब्युटीवाला निवडला! म्हणाली, "ह्यात उजळ दिसतीया." मला राग आला. मग माझाच मला राग आला, कारण फोटो कुणाचा? तिचा. आयुष्यभर काळी म्हणून ऐकून घेतलेल्या बाईला मी काय शिकवणार होतो?

या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडं आजही नाही. पण एक कळलं. दारातल्या त्या फोटोत ती खरोखरच जरा जास्त काळी आली होती. मी उजेड कमी लॉक केला होता, मूडी वगैरे करायच्या नादात. इन्स्टाग्रामवर बघून. सावळ्या रंगाला उजेड कमी नको असतो, मोठा आणि बाजूचा पाहिजे असतो, म्हणजे गालावर, नाकाच्या कडेला चमक फिरते आणि कातडीचा खरा रंग त्या चमकेच्या भोवती दिसतो. आपले गौतम राजाध्यक्ष होते ना, मराठी माणूस, लता मंगेशकरांपासून सिनेमातल्या सगळ्या मोठ्या लोकांचे पोर्ट्रेट काढणारे, २०११ मध्ये गेले. त्यांचं "चेहरे" नावाचं पुस्तक आहे, मिळालं तर बघा. उजेड गालावरून कसा सरकतो, एवढंच बघत बसा.

तर मी परत मांडामांड केली. आईनं सांगितलेला दिवस, सांगितलेली वेळ. तिनं गर्द हिरवं लुगडं नेसलं, मोठं कुंकू लावलं. दार, खाली धोतर, बाजूला थर्माकोल अगदी जवळ, मागं घोंगडं. ब्युटी मोड बंद. उजेड या वेळी पूर्ण. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी मोबाइल पोत्यावर टेकवून सोडून दिला आणि तिच्याशी बोलायला लागलो. ज्या माणसाचा फोटो फक्त फॉर्मसाठी निघालाय ते माणूस कॅमेरा बघितला की श्वास धरतं, खांदे वर घेतं, ताठ होतं. "हस" म्हटलं की आणखी बिघडतं. हाताला काम द्या. मी तिला शेंगा सोलायला दिल्या. विचारलं, पहिल्यांदा कारखान्यावर गेलीस तेव्हा किती वर्षांची होतीस? तिनं सांगायला सुरुवात केली. कोपीवरचं, थंडीचं, पहाटे गाडी भरायचं. मी इअरफोनच्या बटणानं फोटो घेत होतो, तिला कळलंही नाही. (आवाज वाढवायच्या बटणानं फोटो निघतो, माहितीये ना?)

सत्तर फोटो निघाले. त्यातला एक, ती बोलता बोलता थांबली आणि दाराबाहेर बघायला लागली, तेव्हाचा. गोंदणाचे तिन्ही ठिपके दिसतात. डाव्या हाताच्या अंगठ्यावर कोयता लागल्याची खूण आहे, तीही दिसते. डोळ्यांत दाराच्या आकाराचा पांढरा चौकोन.

तिनं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "ही मीच हाये." मग थोड्या वेळानं, "थोडी उजळ कर." मी स्नॅपसीडमध्ये जरासं वर घेतलं, खरंच जरासं, तिच्यासमोर. "आता बास" म्हणाली. कुठं थांबायचं ते तिनं ठरवलं.

छापायचं एक सांगून ठेवतो, नाहीतर एवढी मेहनत वाया जाईल. लॅबवाल्याला फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर केबलनं द्या. बारा मेगापिक्सेलच्या फोटोचा आठ बाय बारा इंची प्रिंट चांगला निघतो. आणि तोंडानं सांगा, लिहूनही द्या: रंग उजळवू नका, चेहरा गुळगुळीत करू नका. आमच्या लॅबवाल्यानं दोनदा विचारलं, "नक्की? असाच?"

पासपोर्ट फोटोचं बऱ्याच जणांनी विचारलं होतं, पोलीस भरतीवाल्यांनी विशेष. तिथं हे सगळं उलटं. सावली नकोच. पांढऱ्या चादरीपासून तीन फूट पुढं बसा, दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर सारखेच दोन कंदील, कान दिसू द्या, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरला कापा. फॉर्ममध्ये मागणी वेगळी असेल तर ती आधी वाचा. झालं.

त्यानंतर वस्तीवर बातमी फुटली. शेजारची मावशी आली, म्हणाली, "मपला बी काढ, ह्यांच्यासंगं." मग आणखी एक जोडी. दसऱ्याला पंधरा दिवस होते, टोळ्या निघायच्या होत्या. रोज संध्याकाळी पाच ते सहा आमच्या दारात रांग. एकूण अकरा जोड्यांचे फोटो निघाले. एका काकांना कोट पाहिजे होता. मी आधी नको म्हणणार होतो, दादांची फ्रेम आठवली म्हणून. मग विचार केला, यांनी स्वतः मागितलाय. तर माझ्या मित्राच्या लग्नातला कोट आणला, बाह्या जरा लांब होत्या, पण रुबाब असा की विचारू नका. कोट खरा, अंगात घातलेला.

आईनं मात्र तिच्या फोटोचे दोन प्रिंट काढायला सांगितले. एक तिनं दादांच्या फ्रेमशेजारी लावला. मी म्हटलं, अगं, तिथं हार घातलेले फोटो लावतात. म्हणाली, "लावू दे. बोटांवाल्याच्या शेजारी जरा नीट माणूस दिसू दे." दुसरा तिनं पेटीत तळाशी, लुगड्यांच्या खाली ठेवला, कागदात गुंडाळून. तो कशासाठी, ते मी विचारलं नाही.

आता दादांच्या फोटोचं मनात आहे. मूळ लग्नातला ग्रुप फोटो चुलतभावाकडं अजून आहे म्हणे. तो उजेडात धरून मोबाइलनं नीट कॉपी करायचा, आणि कोट, आभाळ काहीही न घालता, आजूबाजूच्या माणसांसकट मोठा करायचा. जुन्या फोटोची कॉपी करताना काचेवरची चमक कशी घालवायची, ते मला अजून धड जमलेलं नाही. जमलं की पुढच्या एखाद्या भागात सांगतो. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर व्हॉइस नोट पाठवा.

चला, दळणाची गिरणी बंद व्हायच्या आत मला जायचंय.